खेळून कुणाचं भलं झालंय, पप्पा?

सातवी 'ब' मधल्या एका लेकराचे पप्पा,
मुक्काम जालना.

सप्रेम नमस्कार. ('सप्रेम' रिवाजानं घातलंय.)

लेकरू दुसरीत गल्लीत लगोरी खेळायचं, तेव्हा तुम्ही गॅलरीतून ओरडायचात, 'खेळून कुणाचं भलं झालंय?' पाढे पाठ व्हायला त्याला वर्ष लागलं, हे वाक्य मात्र एका दमात पाठ झालं. चौथीत कबड्डीला बोलावलं तर म्हणालं, 'सर, मला नाही जमत.' एकदाही मैदानात न उतरता! अमेरिकेत जॅकलिन एकल्स नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं मुलांचा अभ्यास करून दाखवलं, की आपल्याला खेळ किती जमतो याबद्दलचं आईबापाचं मत लेकरं आपलंच करून घेतात. बाईंनी उगाच एवढा खटाटोप केला. तुमच्या गॅलरीखाली उभ्या राहिल्या असत्या तर एकाच संध्याकाळी काम झालं असतं.

पुढं तुम्हाला कुणीतरी सांगितलं, विजय झोल आपल्या जालन्याचा. 2011 साली कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद 451, 2014 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार. झालं! खेळ रातोरात सोन्याचा झाला. किट आलं, कोचिंग लागलं. आता तुम्ही नेटमागं गाडीवर बसून ओरडता, 'पाय काढ, पाय!' लेकरू चेंडू मारतं, आधी तुमच्याकडं बघतं, मग चेंडू कुठं गेला ते. परवा एक कव्हर ड्राइव्ह असा बसला, की बॉलिंग करणाऱ्या पोरानंच टाळी वाजवली. ह्यानं मान वळवून तुमचा चेहरा तपासला. तुम्ही फोनवर होता. लेकराचं तोंड एवढंसं झालं.

त्याची बहीण वर्गातल्या पोरांनाही मागं टाकून पळते. तिला मात्र घरून एवढंच कोचिंग, 'उन्हात काळी पडशील.' 5 ते 17 वयाच्या लेकरांनी रोज सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. तिची 60 मिनिटं ट्यूशनमध्ये बसून जातात. तुमचं स्वतःचं काय विचारावं? कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायलाही तुम्ही गाडीला किक मारता. मोतीबागेत फिरायला गेलात, तर ते कचोरी खाण्यापुरतं.

एक गोष्ट मात्र मान्य. खेळाडूंना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे. ट्रॅम्पोलिन खेळाच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण मराठवाड्यात एवढं गाजलं, तरी परवा तुम्ही मला हळूच विचारलंत, 'सर, एखादं सर्टिफिकेट बघा ना.'

बघतो. अर्ज मुख्याध्यापकांकडं द्यायचा असतो. त्यांची केबिन दुसऱ्या मजल्यावर आहे आणि शाळेला लिफ्ट नाही. जिने चढणं जमेल ना?

आपला,
ज्याचा तास गणिताच्या सरांनी कायमचा मागून घेतलाय, तो क्रीडाशिक्षक