कोपर्निकसची ओवाळणी

दिल्लीतले जुने महाराष्ट्र सदन कोपर्निकस मार्गावर आहे. पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला लावणारा तोच हा पोलिश गृहस्थ. त्याने १५२६ साली नाण्यांवरही एक टिपण लिहिले होते. राजा नाण्यातली चांदी कमी करू लागला की राज्य खंगते, असा त्याचा मथितार्थ. सदनात उतरणाऱ्या मंडळींना रस्त्याचे नाव पाठ असते, तेवढे पुरे.

आपल्याकडे काय कशाभोवती फिरते, ते २०२४ च्या जूनमध्ये कळले. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली आणि राज्य सरकारला ‘लाडकी बहीण’ आठवली. महिना १५०० रुपये, वर्षाची तरतूद ४६ हजार कोटी. सत्ताधाऱ्यांच्या नोव्हेंबरच्या जाहीरनाम्यात १५०० चे २१०० झाले. मते मोजून झाली. पुढच्या मार्चच्या अर्थसंकल्पात २१०० तर नव्हतेच, तरतूदही ३६ हजार कोटींवर आली होती. मग पडताळणी निघाली. सव्वीस लाखांहून अधिक बहिणींचे हप्ते थांबले, आणि चौदा हजारांवर बहिणी चक्क भाऊ निघाले!

केंद्राचे तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाचा हिशेब मांडला होता: माणशी वर्षाला ७,६२० रुपये. त्या कल्पनेचा जीव ‘सार्वत्रिक’ या शब्दात आहे. आमची बहीण मात्र २१ ते ६५ या वयातच बहीण. पासष्टी उलटली की नाते संपले. दारात चारचाकी असेल तर बहीण नाही. ट्रॅक्टर असेल तर आहे.

पैसे देण्याला माझी ना नाही. बाईच्या खात्यात चार पैसे आले की घरात तिच्या शब्दाला वजन येते. पण याच महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या डोक्यातली रोजगार हमी उभी केली, तेव्हा कायद्याआधी पैशाची सोय पाहिली. १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला, १९७७ मध्ये कायदा केला, आणि करातून येईल तेवढीच भर सरकारने स्वतः घालायची असे ठरवले. पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ना, ते त्याच हमीचे देणे. शहरातल्या कारकुनाने कुरकुरत का होईना, गावातल्या मजुराची हमी भरली. लाडक्या बहिणीसाठी कुणाच्या चिठ्ठीवर काय कापले जाते? कुणालाच कुरकुरायची वेळ आली नाही, इथेच मला कोपर्निकसचे ते नाण्यांचे टिपण आठवते आणि शंका येते.

मूलभूत उत्पन्न म्हणजे वाटा. लाडकी बहीण ही ओवाळणी आहे. तबकात किती टाकायचे ते भाऊ ठरवणार. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला, केंद्राच्या अकरा वर्षे आधी. तरी आजही दुय्यम निबंधकाकडे बहिणीला घेऊन येणारा भाऊ आधी हक्कसोडपत्रावर तिची सही घेतो, आणि भाऊबिजेला साडी घेतो. चांगली भारीतली.