दावा मागे घेतला, प्रश्न तसाच

मलेशियाच्या सारावाक राज्यात 'सेव्ह रिव्हर्स' नावाची छोटी संस्था आहे. बाराम नदीच्या खोऱ्यातले केन्या, कायान, पेनान हे आदिवासी तिचे लोक. वाटा अडवून बसून त्यांनी नियोजित बाराम धरण थांबवलं. पुढे संस्थेने गावकऱ्यांची तक्रार संकेतस्थळावर छापली: सामलिंग ही बलाढ्य लाकूड कंपनी आमच्या जंगलासाठी 'शाश्वत' असल्याचं प्रमाणपत्र घेते, पण आम्हाला नीट विचारलेलंच नाही.

विचारलं असेल तर कागद दाखवून विषय मिटला असता. त्याऐवजी कंपनीने 2021मध्ये संस्थेवर अब्रूनुकसानीचा दावा ठोकला. मागणी 50 लाख रिंगिटची, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास 9 कोटी रुपयांची. वर माफीही हवी.

असा दावा जिंकावा लागत नाही. तो नुसता चालू राहिला तरी पुरतो. वकिलाची फी, तारखा, कागदांची जुळवाजुळव, यात संस्थेची वर्षं जातात आणि शेजारच्या गावात कुणी तक्रार लिहायला बसलं की त्याचा हात अडखळतो. 18 सप्टेंबर 2023ला मिरी शहरातल्या उच्च न्यायालयात खटला उभा राहणार होता. त्याच दिवशी कंपनीने दावा मागे घेतला. संस्था सुटली याचा आनंद मलाही झाला. पण गावाला विचारलं होतं की नाही, यावर कोर्टात एकही उलटतपासणी झाली नाही. दोन वर्षं ज्यांना आरोपीसारखं उभं ठेवलं, त्यांना आपलं म्हणणं सिद्ध करण्याची संधीही मिळाली नाही. माझा संताप त्यावर आहे.

तिथे कायदा आधीपासूनच एका बाजूला कललेला आहे. वहिवाटीचा हक्क सांगायचा तर तो 1 जानेवारी 1958च्या आधीचा हवा. जे पेनान पिढ्यान्‌पिढ्या जंगलात फिरत जगले, ज्यांनी झाडं तोडून शेतं केली नाहीत, त्यांनी पुरावा आणायचा कुठून? 1987मध्ये त्यांनी लाकडाच्या ट्रकांचे रस्ते अडवले, तर त्याच वर्षी वनकायदा बदलून रस्ता अडवणं हाच गुन्हा ठरवला गेला; शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद. रस्त्यावर बसावं तर तुरुंग, लिहावं तर दावा.

आपण यात परके नाही. सारावाकच्या गोल लाकडाचा भारत अनेक वर्षं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होता. ते लाकूड इथे प्लायवूड होऊन कपाटांत, दारांत बसलं. घेताना गावाच्या संमतीचा कागद कोणी मागितला?

सार्वजनिक हिताच्या तक्रारीवर दावा आला, तर तो तग धरण्याजोगा आहे का हे न्यायालयाने पहिल्याच तारखांना तपासावं, पोकळ निघाला तर फेटाळावा आणि समोरच्याचा सगळा खर्च दावेदाराकडून वसूल करावा. असा खास कायदा सामलिंगने दावा ठोकला तेव्हा मलेशियात नव्हता, आपल्याकडेही नव्हता. तो दोन्हीकडे हवा, आणि पुढची नोटीस निघण्याआधी हवा.