बोयकाका

निवृत्तीनंतर कुणी भजनी मंडळ धरतं, कुणी सोसायटीची कमिटी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी स्पॅनिश धरलं. पुण्यात याचं कुणाला नवल नाही. परदेशी भाषेसाठी रानडे इन्स्टिट्यूटच्या पायऱ्या चढलेलं कुणी ना कुणी प्रत्येक वाड्यात सापडतं. पण काका एका क्रियापदावर जे बसले, ते उठलेच नाहीत. क्रियापद कुठलं? तर 'जाणे'!

मूळ रूप 'इर'. वाक्यात शिरलं की त्याचा मागमूस राहत नाही: बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान. हा तक्ता काकांनी फ्रिजवर नेमका गॅसवाल्याच्या नंबरावर डकवलाय. सिलिंडर नोंदवायचा तर काकूंना आधी 'बामोस' उचलावं लागतं.

'बोय आ' म्हणून पुढे गाव ठेवलं की माणूस निघाला: 'बोय आ माद्रिद'. गावाऐवजी क्रियापद ठेवलं की बेत ठरला: 'बोय आ कामिनार', मी चालणार आहे. काकांना एवढंच हवं होतं. आता ते वजन उतरवणार आहेत, माळा आवरणार आहेत आणि स्पेनमधल्या सारियाहून सांतियागोपर्यंत पायी जाणार आहेत. शेवटचे किमान १०० किलोमीटर चाललं की तिथे तीर्थयात्रेचं प्रमाणपत्र मिळतं, हे ते आळंदी ते पंढरपूर दरवर्षी चालणाऱ्या शेजाऱ्यांना ऐकवतात. "निघताय कधी?" असं त्या माउलींनी विचारलं, की काका चष्मा पुसायला घेतात.

व्याकरणात मात्र तडजोड नाही.

"अहो, कोथिंबीर आणताय ना?"

"बोय आ... थांब. बाजार पुल्लिंगी. 'आ' आणि 'एल' मिळून 'आल'. बोय आल मेरकादो!"

"आणि समुद्रावर जायचं असेल तर?"

"प्लाया स्त्रीलिंगी. तिथे जोड होत नाही. बोय आ ला प्लाया."

एवढ्या वेळात काकू कोथिंबीर आणून, निवडून, चिरून मोकळ्या होतात. जेवायला हाक मारली की आतून उत्तर येतं, "या बोय!" म्हणजे 'आलोच'. पण पहिला शब्द ऐकून कामाच्या मावशी हात पुसत आत जातात आणि "काय हो काका?" विचारतात. काका येत नाहीत ते नाहीतच.

परवा वर्गात भूतकाळ सुरू झाला. "काल काय केलंत?" बाईंनी एकेकाला विचारलं. कुणी सिनेमाला गेलं होतं, कुणी सासरी. काकांची पाळी आली.

"मान्याना बोय आ..."

"उद्याचं नको काका, कालचं सांगा."

काकांनी छताकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं आणि ते खाली बसले. येताना त्यांनी दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत संकल्प लिहिलाय: 'बोय आ एस्तुदियार एल पासादो'. भूतकाळाचा अभ्यास करणार आहे!