सेक्रेटरींच्या परवानगीने

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत महिला मंडळाचा कार्यक्रम म्हटला की हळदीकुंकू, पाककला स्पर्धा, नाहीतर मधुमेहावर व्याख्यान. यंदा मंडळातल्या एका मुलीनं 'दिग्दर्शिकांचे लघुपट' असा बेत मांडला आणि मंडळानं तो चक्क उचलून धरला. लघुपट लघु असतात, तेव्हा सातला सुरू केले तरी आठच्या कुकरला घरी पोचता येईल, असा हिशेब होता.

हिशेबात भाषणं धरायची राहिली. प्रमुख पाहुणे पुरुष, अध्यक्ष पुरुष, आभार मानणारेही पुरुष. बायकांनी फक्त सिनेमे केले होते.

समई विझू नये म्हणून पंखे बंद केलेले. घामाघूम पाहुण्यांनी १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'पासून सुरुवात केली. साळुंके नावाच्या पुरुषानं तारामती कशी वठवली, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं.

"फाळक्यांच्या सरस्वतीबाईंचं सांगा की," तळमजल्याच्या काकू मागून म्हणाल्या. "फिल्मला भोकं पाडायची, ती धुवायची, वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक!"

"येतो त्यावर," पाहुणे म्हणाले आणि सत्यजित राय यांच्यावर गेले.

शेवटी पडदा उजळला. पहिला मान अ‍ॅलिस गी या फ्रेंच बाईंचा. त्यांनी १८९६ साली कोबीच्या गड्ड्यांतून बाळं काढणाऱ्या परीची फिल्म केली. आम्ही पाहिली ती १९०० सालची आवृत्ती, जेमतेम मिनिटभराची. तेवढ्यात दोघींनी कोबीचा भाव काढला. या बाई पॅरिसच्या गोमाँ कंपनीत सेक्रेटरी होत्या. मालकांनी फिल्म करायची परवानगी दिली ती एका अटीवर: कचेरीचं काम अडता कामा नये. हे ऐकून हॉलभर हशा पिकला. अट सगळ्यांच्या ओळखीची होती, फक्त इकडे कचेरीच्या जागी पोळ्या असतात.

मग त्या मुलीनं मोबाइलवर केलेला लघुपट. नटसंच मंडळातलाच, त्यामुळे समीक्षा जागच्या जागी झाली. "मी अडीच सेकंद दिसते, तीही पाठमोरी!" मुलगी हिरमुसली, तेव्हा काकूंनीच तिला सुमित्रा भावेंचा दाखला दिला. त्या मूळच्या समाजशास्त्राच्या, सिनेमा शिकायला कुठे गेल्या नव्हत्या. १९८५ साली 'बाई' हा पहिलाच लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

शेवटी रीमा सेनगुप्तांचा 'काउंटरफिट कुंकू', २०१८ साली सनडान्सला गेलेला. नायिका कनी कुसरुती, म्हणजे पुढे पायल कपाडियांच्या 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट'मधली नर्स. त्या चित्रपटाला २०२४ साली कानमध्ये ग्रां प्री मिळालं. इथे तिची स्मिता मुंबईत भाड्यानं घर शोधतेय. भाडेकरू म्हणून सगळं चोख आहे, फक्त नवरा नाही.

दिवे लागले आणि चर्चा सुरू झाली. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचा पहिला प्रश्न: "लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर करणार होते का?" दुसऱ्यांना ब्रोकरेजची चिंता. इतक्यात काकू सेक्रेटरींकडे वळल्या.

"आपल्या तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट इतके महिने रिकामा का हो? चार मुली बघून गेल्या ना?"

"लेखी असा काही नियम नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"आणि तोंडी?"

"तोंडी... आपण फॅमिलीला प्राधान्य देतो."

"हे गेल्यापासून मी एकटीच राहते. मला कशात धरता?"

"काकू, तुम्ही ओनर आहात!"

त्या संध्याकाळचा सर्वात मोठा हशा या वाक्याला मिळाला, आणि ते कुठल्याच दिग्दर्शिकेनं लिहिलेलं नव्हतं. जगातली पहिली दिग्दर्शिका मुळात सेक्रेटरी होती. आमचे सेक्रेटरी मात्र थेट लघुपटातलं पात्र निघाले.

"हा विषय एजीएमला घेऊ," ते घाम पुसत म्हणाले.

"आत्ताच लिहून घ्या. सूचक मी. अनुमोदक सगळ्या."

"'सगळ्या' चालत नाही. नाव आणि फ्लॅट नंबर लागतो."

हे ऐकताच टेबलापुढे रांग लागली. प्रमुख पाहुणे आपला गुच्छ सांभाळत रांगेतून वाट काढू लागले. आमची ही रांगेत दुसरी. मीही हळूच तिच्यामागे जाऊन उभा राहिलो आणि काकूंना म्हणालो, "माझंही नाव घाला."

"घालते," काकू म्हणाल्या, "पण आधी तेवढ्या खुर्च्या उचला."