पाच टक्क्यांचं बाळसं

22 सप्टेंबर 2025 ला कांदिवलीच्या बाळगोपाळांनी दारोदारी गुढ्या उभारायला हव्या होत्या. त्या दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. चॉकलेट, बिस्किट, आइस्क्रीम 18 टक्क्यांवरून 5 वर उतरलं, शेव-भुजिया 12 वरून 5 वर आला आणि पिझ्झ्याच्या ब्रेडवर तर शून्य. पण सरकार एकांगी नाही बरं का. त्याच दिवशी जिमचा करही 18 वरून 5 वर आणला. वजन चढवायला 5 टक्के, उतरवायलाही 5 टक्के. समतोल आहार म्हणतात तो हाच असावा.

त्याच वर्षी फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणाची काळजी व्यक्त केली, घरात तेल 10 टक्के कमी आणा असं सांगितलं आणि प्रसारासाठी दुसऱ्या दिवशी दहा मान्यवरांची नावं जाहीर केली. त्यात आनंद महिंद्रा होते. त्यांच्या कंपनीचा कारखाना आमच्या आकुर्ली रोडला, त्यामुळे कांदिवलीचा राष्ट्रीय वाटा तेवढ्यावरच उचलला गेला असं मानून महावीरनगरच्या खाऊगल्लीत त्या संध्याकाळीही कढया नेहमीच्याच तापल्या. पुढे मे महिन्यात सीबीएसईने शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे साखरेची माहिती देणाऱ्या पाट्या, लावायला सांगितले, कारण 4 ते 10 वर्षांच्या मुलांच्या पोटात जाणाऱ्या उष्मांकांत साखरेचा वाटा जास्तीत जास्त 5 टक्के हवा, तो 13 वर गेलाय. पाटी लावली की प्रश्न सुटतो, यावर आपली फार जुनी श्रद्धा. ‘येथे थुंकू नये’ या पाटीने काय साधलं, ते कुठल्याही जिन्याच्या कोपऱ्यात पाहून यावं.

नियम तर आपल्याकडे मुबलक. मे 2017 मध्ये राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर हद्दपार केले. मग केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नियम केला की शाळेच्या फाटकापासून 50 मीटरांच्या आत तेलकट-गोड-खारट माल विकायचा नाही. हे 50 मीटर मोजायला टेप घेऊन कोण येतो, ते अजून कुणाला दिसलेलं नाही. आणि फोनवरून मागवलेला बर्गर घरच्या दाराशी येतो, त्याला फाटकच लागत नाही.

पण खाण्याचं फार झालं. खरी गंमत खेळण्यात आहे.

कांदिवली पूर्वेच्या कुठल्याही टॉवरची वार्षिक सर्वसाधारण सभा घ्या. बिल्डरच्या माहितीपत्रकात हिरव्यागार पोडियमवर चार मुलं चेंडूमागे धावताना छापलेली असतात. ताबा मिळाल्यावर त्याच पोडियमवर पाटी लागते : ‘क्रिकेट, फुटबॉल, सायकल व आरडाओरडा सक्त मनाई. हुकमावरून.’ जिमच्या दारावर दुसरी पाटी : ‘16 वर्षांखालील मुलांस प्रवेश नाही.’ म्हणजे सोळाव्या वर्षापर्यंत बसून राहायचं आणि मग ट्रेडमिलवर चढायचं. सभेत कुणीतरी उठून मुलांच्या वाढत्या वजनाचा विषय काढतं. सेक्रेटरी गंभीर होतात. उपसमिती नेमली जाते. मग समोसा, वेफर्स आणि थंडगार कोल्ड्रिंक यांच्या साक्षीने सभा संपते. क्रिकेटला विरोध का, तर तीन वर्षांपूर्वी एका गाडीची काच फुटली होती.

चला, काचेचाच हिशेब करू. लठ्ठपणाने देशाला बसणारा आर्थिक फटका 2019 साली सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 1.02 टक्के, माणशी सुमारे 1,800 रुपये, असा अंदाज आहे. असंच चाललं तर 2030 पर्यंत तो माणशी 4,700 वर जाईल. चौघांच्या घराला वर्षाला 18,800. एवढ्यात बऱ्याच गाड्यांच्या काचा दरवर्षी बदलून मिळतील, वर पोरं घामाघूम होऊन झोपतील ते वेगळं. पण काचेची पावती सोसायटीच्या ताळेबंदात दिसते. मधुमेहाची पावती वीस वर्षांनी येते आणि ती ज्याच्या त्याच्या नावाने फाटते.

ज्यांना परवडतं, ते मुलाला तासावर भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर सोडतात. उरलेल्यांची मुलं क्लासहून क्लासला बसून जातात. मूल तीन वर्षांचं असताना ज्या मावशी गाल ओढून ‘खात्यापित्या घरचा दिसतो हो’ म्हणाल्या, त्याच तेराव्या वर्षी ‘जरा कंट्रोल करा आता’ म्हणतात. मुलगी असेल तर पुढे लग्नाचंही काढतात. वर्गात ‘जाड्या’ हे नाव पडलं की दहावीपर्यंत सुटत नाही. आणि दोष कुणाचा? आईचा, डब्यात नूडल्स दिल्या म्हणून! ती माउली चर्चगेटहून बोरिवली फास्टमध्ये लोंबकळत येते, हे फिर्यादी पक्ष कधीच विचारात घेत नाही.

लठ्ठपणा हा श्रीमंतांचाच आजार म्हणून दामूनगरच्या झोपडपट्टीतल्या लोकांनी निर्धास्त राहावं असंही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली आणि 4.1 टक्के जास्त वजनाची. आधीच्या फेरीत जास्त वजनाची 1.9 टक्के होती. दोन्ही आकडे एकाच राज्यातले, कधीकधी एकाच गल्लीतले. वस्तीतल्या दुकानात 5 रुपयांत कुरकुरीत पुडी येते, अंडं येत नाही. शाळेच्या पोषण आहारात अंडं सुरू झालं होतं, तर जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने त्याचे पैसे थांबवले आणि हवं असेल तर लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. पुडीला मात्र लोकसहभाग आधीपासूनच उत्तम आहे.

आता सेक्रेटरीसाहेबांना एक विनंती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं होतं की इमारतीची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची त्याखेरीज जादा. जमिनीवर गाड्या आणि पोडियमवर मनाई असेल, तर मुलांनी खेळायचं लिफ्टमध्ये का? निदान संध्याकाळी 5 ते 7 पोडियम त्यांना द्या. सभासदहो, तुमच्यासाठीही काम आहे. ‘सक्त मनाई’ची पाटी उतरवायला ना अध्यादेश लागतो ना उपसमिती. पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडा. हजर सभासदांचं साधं बहुमत पुरतं.