राग देश, ताल टाळ्या

देशावर संकट आलं की सीमेवरचा जवान सज्ज होतो, आणि त्याच्याही आधी सभागृहातला निवेदक. पुलवामा झालं, पहलगाम झालं. त्यानंतरच्या मैफलींचा क्रम रसिकांना आता पाठ आहे. आधी दोन मिनिटं स्तब्धता. ती चाळीस सेकंदांत आटोपते, कारण प्रमुख पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम गाठायचा असतो. मग त्या स्तब्धतेचं महत्त्व सांगणारं पंधरा मिनिटांचं निवेदन. त्यात शत्रूला अखेरचा इशारा दिला जातो. शत्रूने पास घेतलेला नसल्यामुळे तो त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. लगेच पुढच्या वाक्यात मुख्य प्रायोजकांचे आभार.

मग कलाकार. बिचारा मारवा डोक्यात घोळवत आलेला असतो. कोमल ऋषभ, पंचम वर्ज्य, षड्जावर टेकायला जीव तरसतो. अशा संध्याकाळी दुसरं काय गावं? पण मारव्यात देशभक्ती दिसत नाही, असं कार्यकारिणीचं मत पडतं. विंगेतून चिठ्ठी येते, ‘देश घ्या.’ संध्याकाळी साडेसहाला! देश हा रात्रीच्या दुसऱ्या प्रहराचा राग, पण राष्ट्र संकटात असताना प्रहर काय बघता? त्यातून या रागाच्या कितीतरी बंदिशींत पावसाळी रात्री विरहिणी प्रियकराची वाट पाहत असते. तिला आता सीमेकडे तोंड करून बसवण्यात आलं आहे.

मियाँमल्हाराचं प्रकरण जरा नाजूक. पत्रिकेत नुसतं ‘मल्हार’ छापलेलं बरं, असं एक जाणते सभासद सुचवतात. तानसेन हरकत घेण्याची शक्यता कमी. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी सवाई गंधर्वांना शिकवलं आणि सवाई गंधर्वांनी भीमसेन जोशींना, ही गुरुपरंपराही या दिवसांत फार मोठ्याने सांगू नये, एवढं तारतम्य निवेदकाला असतं.

श्रोत्यांवरही जबाबदारी आहे. ‘क्या बात है’ आता पुरत नाही. विलंबित एकतालात गायक समेकडे निघालेला असताना, सातव्या-आठव्या मात्रेवर कुठूनतरी ‘भारतमाता की जय’ उठते. तबलजी दचकतो, सम निसटते, टाळ्या मात्र पडतात. जो टाळ्या वाजवत नाही त्याच्याकडे शेजारचे वळून पाहतात. तो बिचारा मात्रा मोजत असतो.

आपल्या गायकांना देशभक्ती शिकवावी लागत नव्हती. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना महंमद अलींनी हरकत घेतली, तरी विष्णु दिगंबर पलुस्करांनी ‘वंदे मातरम्’ गायलंच. मास्तर कृष्णरावांनी त्याच गीताला चाल बांधली, ती बँडवर बसवून घेतली आणि संविधान सभेच्या सदस्यांना ऐकवली. हे राष्ट्रगीत व्हावं, हा त्यांचा ध्यास अखेर पुरा झाला नाही. दोघांच्याही समोर नकार देऊ शकणारी माणसं बसली होती. आज सभागृहात नकार देणारा एकही नसतो. म्हणूनच बहुधा आवाज एवढा चढवावा लागतो.

आणि शोकाचं म्हणाल तर तोही या संगीताला परका नाही. तानसेनाच्या पार्थिवापुढे त्याचा मुलगा तोडी गाऊ लागला, दुःखात सूर इकडचे तिकडे झाले आणि बिलासखानी तोडी जन्मली, अशी आख्यायिका आहे. त्या प्रसंगी निवेदन कोणी केलं, याचा उल्लेख आख्यायिकेत नाही.

पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी २६ माणसं मारली गेली. त्यांतली सहा महाराष्ट्रातली होती. पुण्यातली, पनवेलची, डोंबिवलीची. म्हणजे ज्यांच्या नावाने हे सगळं चालतं, त्यांच्या घरचं कोणी एखाद्या मैफलीत मागच्या रांगेत बसलेलं असू शकतं. तेव्हा आयोजकांना हात जोडून विनंती. दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद. ती पुरी पाळा. तिकिटांच्या पैशातून त्या घरांना काही द्यायचं असेल तर चेकने द्या, माइकवरून देऊ नका. आणि नंतर तानपुरे जुळले की गायकाला त्याचा मारवा गाऊ द्या.