पलीकडून न दिसणारं गवत

बंदुकांचे ऑनलाइन खेळ ज्या चित्रकारांनी रंगवले, त्यांचं मला फार वाईट वाटतं. केवढा जीव ओतलेला असतो त्यांनी! एरांगेल नावाचं एक काल्पनिक बेट आहे, आठ किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद. त्यावर पिवळसर कुरणं, पडक्या शाळा, पोपडे निघालेल्या भिंती, पाण्यावर चमकणारं ऊन आणि झाडाखाली झाडाच्याच आकाराची सावली. हे बेट असलेला खेळ पबजी या नावाने २०१७ साली जगभर गेला, पुढच्या वर्षी मोबाइलवर उतरला, २ सप्टेंबर २०२० रोजी आपल्या सरकारने त्याच्यावर बंदी घातली, आणि २०२१च्या जुलैत तो बीजीएमआय या नावाने परत आला. पांडवांनी निदान अज्ञातवासात असताना नावं बदलली होती. याने अज्ञातवास संपल्यावर बदललं. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की हे एवढं देखणं बेट हातात आल्याबरोबर खेळणारा पहिलं काम कोणतं करतो? सेटिंगमध्ये जाऊन ते देखणेपण पुसून टाकतो.

हे ज्ञान मला आमच्या पांढरकवड्याकडच्या पुतण्याकडून मिळालं. तो मला उपदेश करत होता, "काका, ग्राफिक्स अल्ट्रावर ठेवसान तं मरसान. स्मूथवर टाका. रंग कलरफुल करा, उजेड वाढवा, सावल्या बंद करा. मंग पाहा, माणूस कसा टपकन दिसते." मी तसं केलं आणि खरोखरच जग एकदम गरीब झालं. भिंतींचे पोपडे गेले, पाणी निळ्या कागदासारखं सपाट झालं, झाडं आपापल्या सावल्या हरवून बसली. एखाद्या गवयाला आलाप नको, तान नको, नुसती सम तेवढी द्या म्हणावं, तसा सगळा रोकडा व्यवहार. पण लांबच्या टेकडीवर एक काळा ठिपका सरकत होता, तो मात्र लख्ख दिसला. मोबाइलचं डोकं सौंदर्य रेखाटण्यात गुंतलेलं नसलं, की त्याला चित्रं भराभरा पुढे सरकवता येतात, हातात तो तापतही कमी, आणि ठिपका पळताना अडखळत नाही. संगणकावरचे खेळाडू याच्याही पुढे गेले आहेत. काउंटर-स्ट्राइक खेळणारे कित्येक जण जुन्या पद्धतीचं आखूड चित्र घेऊन ते रुंद पडद्यावर ताणून बसवतात; त्यामुळे समोरचा माणूस आडवा सुटतो आणि नेम धरायला सोपा जातो. वैऱ्याचं वजन वाढावं अशी इच्छा धरणारी ही बहुधा पहिलीच पिढी. अर्थात तो जेवढा रुंद होतो, तेवढाच पडद्यावरून भरभर पळतानाही दिसतो. गणित कोणालाच फुकट काही देत नाही.

या सगळ्यात मला भुरळ घातली ती गवताने. एरांगेलवरचं गवत गुडघाभर वाढलेलं असतं आणि घाबरलेला खेळाडू त्यात पालथा पडून राहतो. त्याच्या पडद्यावर चहूकडे पाती डुलत असतात, त्याला वाटतं आता साक्षात ब्रह्मदेवालाही आपण दिसायचे नाही. पण बेटावरचं प्रत्येक पातं प्रत्येकासाठी रेखाटायचं म्हटलं तर मोबाइलचा जीव जाईल. म्हणून गवत फक्त पाहणाऱ्याच्या आसपास उगवतं. ठरावीक अंतरापलीकडे ते नसतंच. तिथे नुसता हिरवा-पिवळा रंग फासलेला असतो. दूरवरून दुर्बिणीतून पाहणाऱ्याला म्हणून काय दिसतं? सारवलेल्या अंगणासारखी मोकळी जमीन, आणि तिच्या मधोमध, श्वास रोखून, अत्यंत गंभीरपणे पालथा पडलेला एक माणूस. सेटिंग कितीही वाढवा, हे त्या बिचाऱ्याला कधी कळत नाही. त्याचं गवत त्याच्यापुरतं खरं आहे.

तेव्हापासून मला जिथेतिथे अशी माणसं दिसू लागली आहेत. लग्नाच्या पंगतीत पोट आत ओढून बसलेले गृहस्थ, टकलावरून आठ-दहा केस मोठ्या विश्वासाने पलीकडे नेणारे मास्तर, उधारी थकल्यामुळे किराणा दुकानासमोरून जाताना एकदम आकाशातले ढग न्याहाळू लागणारा मी. प्रत्येकाच्या भोवती त्याचं त्याचं दाट गवत, आणि पाहणारा दुकानदार मात्र अंतरावर, स्मूथवर.

आमच्या जिल्ह्यात लपणं आणि दिसणं हा तसा पोरखेळाचा विषय नाही. पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं; म्हणजे दोन एरांगेल त्यात घालून वर जागा उरावी. एरांगेलवर शंभर माणसं एकमेकांना शोधत फिरतात. टिपेश्वरमध्ये चितळांना वाघ शोधावा लागतो, आणि तिथे सेटिंग चितळाच्या हातात नाही. आपल्याला वाघ भगवा दिसतो, त्यामुळे एवढा भडक रंग घेऊन हा लपतो तरी कसा, असा प्रश्न पडतो. पण चितळाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्यासारख्या तीन प्रकारच्या नसतात, दोनच प्रकारच्या असतात. त्याला नारिंगी आणि हिरवा वेगळे काढता येत नाहीत. चितळाच्या पडद्यावर वाघ हा गवताचाच एक पट्टेरी, जड श्वास घेणारा भाग आहे. रंगांधळ्या खेळाडूंवर अशी पाळी येऊ नये म्हणून हल्लीच्या खेळांत शत्रूची कडा लालऐवजी पिवळी किंवा जांभळी करून घेण्याची सोय दिलेली असते, आणि ज्यांची नजर धडधाकट आहे असे लबाडही ती सर्रास वापरतात. चितळांसाठी अशी सोय करायचं मात्र सृष्टिकर्त्याच्या मनात आलं नाही; बहुधा तो वाघाचीही बाजू सांभाळून होता.

याच टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ साली निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याचा ठावठिकाणा आकाशातल्या उपग्रहाला ठाऊक होता. जमिनीवरच्या माणसांना मात्र तो फारसा दिसलाच नाही. कपाशीच्या, तुरीच्या शेतांतून, नाल्यांच्या कडेने, रस्ते ओलांडत तो तेराशे किलोमीटरहून अधिक चालला आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. लोकांनी त्याचं नाव वॉकर ठेवलं. किती शेतकरी तेव्हा बांधावर बसून भाकरी खात असतील आणि पिकाच्या चार ओळींपलीकडे एक वाघ त्यांच्या निघून जाण्याची सभ्यपणे वाट पाहत पडला असेल! त्याच्या आदल्या वर्षीची आठवण मात्र अशी हसून सांगता येत नाही. राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात वाघाच्या हल्ल्यांत माणसं गेली होती, अवनी वाघिणीला शोधायला कॅमेरे, हत्ती, ड्रोन आणले होते, आणि २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली. मागे तिची दोन पिल्लं राहिली. दिसणं म्हणजे काय, हे त्या दिवसांत अख्ख्या तालुक्याने भोगलं; दोन्ही बाजूंनी.

आमचे आबा जागलीला जायचे तेव्हा त्यांच्याजवळ काठी, गोफण आणि बॅटरी असायची. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं येत. मी हट्टाने माळ्यावर जाऊन बसायचो, आणि खाली काही खसखसलं की बॅटरी लावायला धावायचो. आबा हात धरायचे. म्हणायचे, "लावू नोको. लावली का उजेडातलं तेवढं दिसते, बाकीचं सारं मरते." मग दबक्या आवाजात, "आन् सरळ पाहू नोको. जराशीक बाजूले पाय. अंधार लाजते." खरंच, बाजूला पाहिलं की काळोखातून एक अधिक काळा गोळा वेगळा निघायचा, आणि त्याच्याकडे थेट पाहिलं की पुन्हा विरघळून जायचा. पुढे कधीतरी वाचलं, की मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या ऐन मध्यावर नसतात, भोवताली असतात. डोळा अंधाराला पुरता सरावायलाही जवळपास अर्धा तास लागतो. आकाशातले फिके तारे पाहणारेसुद्धा मुद्दाम थोडं तिरकं पाहतात. आबांनी हे सगळं शास्त्र अंधाराच्या लाजण्यात बसवून टाकलं होतं. पुतण्याची रीत जग पुसून माणूस शोधायची, आणि आबांची रीत जग आहे तसं अंधारात राहू देऊन त्यातलं डुक्कर ओळखायची. डुक्कर दिसलं की आबा दगड मारत ते त्याच्या चार हात बाजूला. नेम चुकत नसे, तो तसाच असे.

पुतण्याने मला परवा त्याच्या चमूत घेतलं, कारण चौथा भिडू कमी पडत होता. कानाला हेडफोन लावून बसल्यावर कळलं, की उरलेल्या दोघांतला एक चाकणला कंपनीत आहे आणि दुसरा पुण्याला परीक्षेचा अभ्यास करतो. हे तिघे पूर्वी गावात मारुतीच्या पारावर बसायचे. पार आता रिकामा असतो, कारण पारावरची मंडळी एरांगेलवर बसलेली असतात. मी उत्साहाने शत्रू शोधायला लागलो. सेटिंग सगळं स्मूथ, उजेड पूर्ण. पण या तिघांचं शत्रूकडे फारसं लक्षच नव्हतं. "तीनशे पंधरावर एनिमी," असं एखादा म्हणायचा आणि त्याच श्वासात विचारायचा, "सोयाबीन इकलं का तुमी?" त्यावर वायव्येचा तो शत्रू बिनबोभाट निसटून जायचा.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या खेळात परका दिसावा म्हणून एवढी उस्तवार करावी लागते, पण आपला माणूस दिसावा म्हणून काहीच करावं लागत नाही. आपल्या भिडूचं नाव त्याच्या डोक्यावर तरंगत असतं. भिंतीआड, डोंगराआड, अंधारात, किती मीटरवर आहे त्या आकड्यासकट. ग्राफिक्स कितीही खाली आणा, ते नाव पुसलं जात नाही. या बेटाच्या मूळ चित्रकारांवर मी उगाच दया दाखवत होतो. जे पुसलं जाऊ नये, तेवढं त्यांनी नीट पक्कं करून ठेवलं आहे.

चाकणवाला पोरगा कुरणाच्या मधोमध थांबून वडिलांच्या मोतीबिंदूबद्दल सांगत होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, बापू आता पट्टी काढल्यावर बांधावरून घरापर्यंतचं पाहतो म्हणून बसलेत, दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळायची आहे. सांगता सांगता त्याला बहुधा वाटलं असावं की आपण गवतात आहोत. लांबून कुठल्या तरी स्मूथवाल्याला तो मोकळ्या जमिनीवर दिसला, आणि एका गोळीत आडवा झाला. झाडामागचे आम्ही तिघेही, मी धापा टाकत सगळ्यात मागे, उघड्यावरून धावलो. त्याला उठवायला काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ उठवणाऱ्याला हलता येत नाही. आजूबाजूला गोळ्या मातीत शिरत होत्या. पुतण्या गुडघ्यावर बसला, उठवायचं बटण दाबलं आणि म्हणाला, "उठ बे. हं, मंग? दुसऱ्या डोयाचं काय म्हणे डॉक्टर?"